१० युनिटची लिथियम बॅटरी, दोन पावसाळे: भंडारदऱ्याच्या होमस्टेमधला अनुभव

मार्च २०२४ ला आम्ही होमस्टेवर सोलर आणि त्याच्या जोडीला लिथियम बॅटरी बसवली, आणि तेव्हापासून येणारा दर दुसरा-तिसरा पाहुणा विचारतो की ताई, परवडते का, किती तास चालते, आम्ही पुण्याच्या फ्लॅटवर बसवू का. सगळ्यांना चहा देता देता अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहावं असं खूप दिवस मनात होतं. दोन पावसाळे काढलेत आता तिने, आणि आमच्याकडचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल की ही परीक्षा साधी नाही.

आमचं घर शेंडीच्या पुढे घाटघरच्या रस्त्याला. चार खोल्या पाहुण्यांच्या, एक मोठं स्वयंपाकघर, सासू-सासरे, आम्ही दोघं आणि बारावीची मुलगी. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत वारा-पाऊस असा असतो की कुठे झाड तारेवर पडतं, कुठे पोल वाकतो, आणि लाईट गेली की कधी दोन तास तर कधी दीड दिवस. यात मी कुणाला दोष देत नाही, आमचा वायरमन त्या पावसात इरलं घालून पोलवर चढतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण पाहुण्यांच्या खोलीत अंधार, फ्रिजमधलं दूध-पनीर खराब, मोबाईलला चार्जिंग नाही आणि टाकीत पाणी नाही, असं झालं की सीझनचे पैसे तिथेच जातात. आधी जनरेटर होता. तो लावला की उजेड यायचा खरा, पण काजव्यांच्या सीझनला, म्हणजे मे अखेर ते जूनचा पहिला-दुसरा आठवडा, लोक मुंबईहून पाच-सहा तास गाडी चालवून अंधार आणि शांतता बघायला येतात आणि मागच्या पडवीत आमचा जनरेटर धडधडतोय, धूर सोडतोय. मला ते फार लागायचं.

तर काय घेतलं ते सांगते. ५५० वॉटची सहा पॅनल म्हणजे ३.३ किलोवॉट, ५ किलोवॉटचा हायब्रीड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि लाईट तिन्ही एकत्र सांभाळणारा), आणि ५.१२ युनिटच्या दोन लिथियम बॅटऱ्या, एकूण १० युनिटच्या वर थोडं. पॅनल, स्ट्रक्चर, वायरिंग, अर्थिंग मिळून १ लाख ६५ हजार, इन्व्हर्टर ७० हजार, दोन बॅटऱ्या २ लाख ३० हजार. म्हणजे ४ लाख ६५ हजार झाले, आणि त्यातला निम्मा खर्च एकट्या बॅटरीचा हे लक्षात ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार सबसिडी आहे पण ती पॅनलसाठी आहे, बॅटरीला नाही, आणि आम्ही नेट मीटर (जास्तीची वीज कंपनीच्या तारेत देऊन तिचा हिशोब ठेवणारं मीटर) घेतलं नाही म्हणून आम्हाला तीही मिळाली नाही. कंपनीचं आणि बसवणाऱ्याचं नाव लिहीत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीची घेतली तरी लागू पडेल.

बॅटरी आली त्या दिवशीची गोष्ट. सासरे तरुणपणी घाटघरच्या प्रकल्पाच्या कामावर होते, बोगद्यात. बसवणारा मुलगा त्यांना समजावत होता की आजोबा, दुपारी ऊन जास्त झालं की वीज यात भरायची आणि संध्याकाळी काढायची. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "पोरी, हे तर आमचंच झालं की. आम्ही पाणी चढवायचो, हा वीज भरतोय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. घाटघरला जे धरण दिसतं, ज्याच्या कडेला लोक कोकणकड्यावर फोटो काढतात, ते शेतीच्या पाण्याचं धरण नाही. ती एक बॅटरीच आहे. वर प्रवरेवर एक तलाव, खाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला दुसरा तलाव, मधे चारशे मीटरपेक्षा जास्त उतार आणि डोंगराच्या पोटात पॉवरहाऊस. ग्रीडमध्ये, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, वीज जास्त असते तेव्हा तीच मशीनं उलटी फिरवून पाणी खालून वर चढवतात, आणि संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे, टीव्ही, एसी लागतात तेव्हा तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. १२५ मेगावॉटची दोन मशीनं, एकूण २५०, जपानच्या कर्जातून झालेला प्रकल्प, २००८ मध्ये सुरू झाला. रोलरने दाबत दाबत काँक्रीटचे थर टाकून धरण बांधायची पद्धत भारतात पहिल्यांदा इथेच वापरली, आबा ते अजून अभिमानाने सांगतात. आत जायला परवानगी नसते, पण मशीनं चालू असतील त्या दिवशी तलावाच्या काठाच्या दगडाकडे बघा, ओला पट्टा दिसतो. सकाळी पाणी जिथे होतं तिथून ते संध्याकाळी खाली गेलेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर परत वर. पाहुणे विचारतात की भरती-ओहोटी आहे का इथे. तर ती मुंबई-ठाण्याच्या संध्याकाळच्या दिव्यांची ओहोटी आहे, असं मी त्यांना सांगते.

आता हा हिशोब मुलीने काढून दिला आणि तेव्हापासून माझा बॅटरीकडे बघायचा दृष्टिकोनच बदलला. एक हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवर असते तेवढी एक काळी टाकी, चारशे मीटर खाली सोडली तर किती वीज मिळेल? साधारण एक युनिट. फक्त एक. म्हणजे माझ्या भिंतीवरच्या दोन डब्यांत मिळून जेवढी वीज मावते तेवढ्यासाठी दहा हजार लिटरचा अख्खा टँकर घाट उतरवायला लागेल. आम्ही एप्रिल-मेमध्ये टँकर विकत घेतो, त्यामुळे टँकरभर पाणी म्हणजे काय हे मला शिकवावं लागत नाही. आणि उलट बाजूने बघितलं तर घाटघर सहा तास पूर्ण ताकदीने चाललं तर १५ लाख युनिट, म्हणजे माझ्यासारख्या दीड लाख घरांच्या बॅटऱ्या एका डोंगरात. एका पाहुण्यांनी विचारलं होतं की मग घरच्या टाकीवरच छोटं टर्बाईन लावलं तर? पाच मीटर उंचीवरच्या हजार लिटरमधून युनिटचा सत्तरावा भागसुद्धा धड निघत नाही हो, फोन चार्ज होईल फार तर. पाण्याची बॅटरी डोंगर असेल तरच. डोंगर नसेल तिथे लिथियम.

खरेदी करताना सगळ्यात मोठी चूक काय होते ते सांगते, कारण माझीही होणार होती. दुकानात गेलं की विचारतात "किती किलोवॉटची पाहिजे?" हा अर्धाच प्रश्न आहे. किलोवॉट म्हणजे एका वेळी किती ओढता येईल, म्हणजे पाईप किती जाड. युनिट म्हणजे एकूण किती साठेल, म्हणजे टाकी केवढी. मोठ्या बॅटऱ्यांचे म्हणूनच दोन आकडे सांगतात. ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलला २०१७ मध्ये जी गाजलेली बॅटरी बसवली ती १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तास (एक मेगावॉट-तास म्हणजे हजार युनिट), म्हणजे पूर्ण ताकदीने सोडली तर सव्वा तासात रिकामी. तिचं मुख्य काम रात्रभर वीज देणं हे नव्हतंच, ग्रीड डगमगली की डोळ्याची पापणी लवायच्या आत सावरून धरायचं होतं. आपल्याकडे छत्तीसगडला राजनांदगावची सोलरबरोबरची बॅटरी ४० मेगावॉट आणि १२० मेगावॉट-तास, म्हणजे तीन तास, ती खरोखर दुपारचं ऊन संध्याकाळी नेते. दोन्ही बॅटऱ्याच, पण कामं वेगळी. तुम्हाला कुठलं काम पाहिजे ते आधी ठरवा.

मी काय केलं, तर घेण्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी ६ ला आणि सकाळी ६ ला मीटरचं रीडिंग वहीत लिहिलं. चारही खोल्या भरलेल्या असताना रात्रीचे ५ ते ६ युनिट निघाले, पंखे, दिवे, फ्रिज, वायफाय, सगळ्यांचे मोबाईल. अंघोळीचं पाणी बंबावर, त्यामुळे गिझर नाही. त्या वहीवरून १० युनिटची घेतली, कारण बॅटरी तळापर्यंत रोज खाली करायची नसते, ८ युनिट वापरायचे आणि बाकीचे राखायचे. दुकानदार १५ ची घ्या म्हणत होता. वही नसती तर मी घेतली असती.

आता जे बिघडलं ते. पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या एका शनिवारी, घर पाहुण्यांनी भरलेलं, दुपारपासून लाईट नाही. रात्री साडेदहाला मी इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर बघितलं, ६२ टक्के. निवांत झाले. पावणेबाराला सगळं बंद. एकदम. स्क्रीनसुद्धा काळी. एका खोलीत दीड वर्षाचं बाळ होतं, ते घाबरून रडायला लागलं, मी कंदील घेऊन धावले, नवरा जनरेटर ओढतोय आणि मार्चपासून पडून असल्याने तो लागत नाही. ती रात्र मी विसरणार नाही. बसवणाऱ्याला सकाळी फोन केला तर म्हणाला लोड जास्त झाला असेल, नंतर म्हणाला बॅटरीत फॉल्ट असेल, कंपनीला मेल टाका. तीन आठवडे असेच गेले आणि त्या काळात अजून दोनदा तसंच झालं.

शेवटी नाशिकहून आलेल्या एका पाहुण्यांनी, ते सोलरच्याच कामातले होते, जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन बघितलं आणि पाच मिनिटांत सापडलं. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मधे पॉवरच्या दोन जाड वायरी असतात, पण त्याशिवाय एक बारीक केबल असते, इंटरनेटला लावतात तसल्या पिनची. तिच्यातून बॅटरीच्या आतलं सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते इन्व्हर्टरला सांगतं की माझ्यात खरं किती उरलंय. ती केबल लावलीच नव्हती, खोक्यात पिशवीत तशीच गुंडाळलेली होती. आणि इन्व्हर्टरचं सेटिंग जुन्या, डिस्टिल्ड वॉटर घालायच्या पाण्याच्या बॅटरीचं ठेवलेलं. पाण्याच्या बॅटरीचं व्होल्टेज जसजशी ती उतरते तसं उतरत जातं, म्हणून व्होल्टेज बघून अंदाज लागतो. आमची आहे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. हिचं व्होल्टेज ८० टक्क्यांना ५३ च्या आसपास आणि ३० टक्क्यांना पण ५२ च्याच आसपास, सपाट मैदान, आणि शेवटी एकदम कडा. कोकणकड्यासारखं. इन्व्हर्टर मैदानावरून चालताना ६२ म्हणत होता आणि पुढच्या पावलाला कडा आला. केबल लावली, सेटिंग लिथियमवर टाकलं, त्यानंतर आजपर्यंत एकदाही तसं झालेलं नाही. म्हणजे बॅटरी पहिल्या दिवसापासून चांगलीच होती, बसवणं चुकलेलं होतं. तेव्हा कुणाकडूनही घ्या, पण बसवून झालं की पैसे देण्याआधी त्याला विचारा, "बीएमएसची केबल लावली का, दाखव." आणि स्क्रीनवर बॅटरीचा प्रकार काय लिहिलाय ते स्वतः वाचा.

दुसरी गोष्ट जागेची. आधी पडवीच्या बाहेरच्या भिंतीला लावली होती, वर पत्रा होता म्हणून. ऑगस्टमध्ये इन्व्हर्टरच्या जाळीला आतून पाण्याचे मणी लागलेले दिसले, आणि पंख्यात पाल अडकून मेलेली. आता सगळं आतल्या कोठारात आहे, जमिनीपासून दोन फूट वर, मागे आणि वर हवा खेळेल एवढी जागा सोडून. वळवाच्या विजा आमच्याकडे भयानक असतात, त्यासाठी वीजरोधकाचं वेगळं अर्थिंग करून घेतलं, त्यात कंजुषी करू नका.

पावसाळ्याबद्दल मी खरं सांगते, कारण विकणारे हे सांगत नाहीत. फेब्रुवारी-मार्चला माझी पॅनल दिवसाला १४-१५ युनिट देतात. जुलैला सलग आठवडा असा जातो की दिवसाला ३, कधी २. बॅटरी कितीही चांगली असली तरी ऊनच नसेल तर भरणार कशाने? म्हणून पावसाळ्यात आम्ही सेटिंग बदलतो, लाईट असेल तेव्हा लाईटवरून भरून ठेवायची आणि गेली की वापरायची. मग ती सोलरची बॅटरी न राहता मोठा इन्व्हर्टर होते. दीड दिवस लाईट गेली तर एक रात्र निघते, दुसऱ्या रात्री जनरेटर. उन्हाळ्यातलं ऊन जुलैत वापरता येईल अशी बॅटरी माझ्याकडे नाही आणि कुणाकडेच नाही, घाटघरचा डोंगरसुद्धा सहा तासांचाच आहे. महिनोन्महिने साठवायचं काम फक्त भंडारदऱ्यासारखी मोठी धरणं करतात, १९२६ पासून पावसाळा अडवून उन्हाळ्यापर्यंत पुरवतंय ते. त्यामुळे कुणी म्हणालं की सोलर आणि बॅटरी लावली की बाकी काही नको, तर त्याला एकदा जुलैत आमच्याकडे राहायला पाठवा.

किती वीज वाया जाते? ॲपमध्ये दिसतं, डिसेंबर महिन्यात २१० युनिट आत गेले, १८५ बाहेर आले. शंभराला अठ्ठ्याऐंशी. डोंगरावर पाणी चढवून उतरवलं तर शंभराला पंच्याहत्तर-ऐंशी मिळतात असा जगभरचा अनुभव आहे. त्या हिशोबाने बॅटरी पुढे. पण एक छुपा खर्च आहे जो मला सहा महिन्यांनी कळला: इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला ५५ वॉट खातो, दिवस-रात्र, म्हणजे रोज सव्वा-दीड युनिट. छोटी सिस्टीम घेणाऱ्यांना हे फार महाग पडतं. घेताना "काहीच लोड नसताना किती खातो" हे विचारा.

आता पैशाचं. बॅटरीच्या माहितीपत्रकात ६००० सायकल, म्हणजे तितक्या वेळा भरणं-काढणं, लिहिलेत. मी तेवढं धरत नाही. दहा वर्षं, वर्षाला ३०० दिवस, रोज ८ युनिट, म्हणजे २४ हजार युनिट तिच्यातून जातील. २ लाख ३० हजार भागिले २४ हजार, युनिटला साडेनऊ रुपयांच्या वर, आणि हा फक्त साठवायचा खर्च, वीज तयार करायचा वेगळा. घरच्या बिलाशी तुलना केली तर परवडत नाही, स्पष्ट सांगते. पण माझी तुलना बिलाशी नव्हतीच, डिझेलशी होती. आमचा जनरेटर लिटरला अडीच युनिट द्यायचा, लिटर नव्वदच्या पुढे, म्हणजे युनिटला ३६ रुपये, वर ऑईल, सर्व्हिस, आवाज आणि धूर. वर्षाला साडेतीनशे लिटर डिझेल लागायचं, मागच्या वर्षी वीस लिटर लागलं. डिझेलचे आणि बिलाचे मिळून वर्षाला ५०-५५ हजार वाचतात, म्हणजे सगळा खर्च फिटायला साडेआठ-नऊ वर्षं. दुकानदाराने चार वर्षं सांगितली होती. ते खरं नाही.

आधी आमच्याकडे दोन पाण्याच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या होत्या म्हणून तीही तुलना. १५० एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट, पण अर्ध्याच्या खाली नेली की लवकर मरते, म्हणजे हाताला ०.९. आठ युनिट काढायला तसल्या नऊ लागल्या असत्या, डिस्टिल्ड वॉटर, ॲसिडचा वास, चार-पाच वर्षांनी नवीन. ज्यांना फक्त दोन दिवे-पंखे दोन तास पाहिजेत त्यांनी खुशाल ट्यूब्युलर घ्यावी. रोज भरायची-काढायची असेल तर लिथियमच.

आगीची भीती सगळ्यांना असते, मलाही होती, पाहुणे झोपतात त्या घरात ठेवायची म्हणजे. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला मोठ्या बॅटरीच्या इमारतीला आग लागली, हजारावर लोकांना घरं सोडावी लागली, ती बातमी आल्यावर सासूबाई चार दिवस मला म्हणत होत्या की काढून टाक. तिथल्या बॅटऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या होत्या, आणि सगळ्या एका बंद इमारतीत रचलेल्या. एलएफपीमध्ये निकेल-कोबाल्ट नसतं, ती तापून पेटायला बरंच जास्त तापमान लागतं. पेटतच नाही असं मी म्हणणार नाही. पण म्हणूनच ती स्वयंपाकघराजवळ नाही, झोपायच्या खोलीच्या भिंतीला नाही, कोठारात कागद-कपडे नाहीत आणि दाराशी एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा स्विच, आहे, हे सासूबाईंना नेऊन दाखवलं तेव्हा त्या शांत झाल्या.

पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांना माझं उत्तर: लाईट फारशी जात नसेल तर आत्ता बॅटरी घेऊ नका. सोसायटीच्या गच्चीवर पॅनल लावा, नेट मीटर घ्या. दुपारची वीज ग्रीडला द्या, रात्री परत घ्या. फक्त एवढं मनात असू द्या की तुमची दुपारची वीज कुणी डब्यात भरून रात्री परत देत नाही. संध्याकाळी तुम्ही घेता ती कोळशाची असते, कोयनेची असते, घाटघरची असते. सोलर जितकं वाढेल तितकी ऊन गेल्यावरची संध्याकाळची ही ओढाताण कठीण होत जाणार, आणि म्हणून आता परत डोंगरांकडे लक्ष गेलंय. टाटा पॉवरचं भिऱ्याचं १५० मेगावॉटचं पंपवालं मशीन नव्वदच्या दशकापासून आहे, आणि आता त्यांचेच भिवपुरीला १००० आणि शिरवत्याला १८०० मेगावॉटचे प्रकल्प यायचे आहेत, २०२३ मध्ये राज्य सरकारबरोबर करार झालाय. दुसरीकडे मोठ्या बॅटऱ्यांचे भाव पडतायत: २०२२ च्या केंद्राच्या टेंडरला मेगावॉटमागे महिन्याला १० लाख ८३ हजार भाडं आलं होतं, २०२४ संपता संपता गुजरात-राजस्थानच्या टेंडरला सव्वादोन लाखांच्या आसपास आलं, अनुदान धरून का होईना. डोंगर बांधायला वर्षं लागतात पण तो पिढ्यानपिढ्या टिकतो, डबे वर्षभरात बसतात पण दहा-पंधरा वर्षांनी बदलावे लागतात. मला विचाराल तर दोन्ही पाहिजेत. आणि डोंगर घेताना तिथल्या माणसांना नीट विचारून, त्यांचं पुनर्वसन आधी करून घ्या, हे मी या भागात राहते म्हणून तळमळीने लिहितेय.

साठवणीपेक्षा स्वस्त एक गोष्ट आहे ती म्हणजे वीज दुपारीच वापरणं. आम्ही पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, मिक्सर, चटण्या-मसाले सगळं ११ ते ३ मध्ये उरकतो, बॅटरीला हात न लावता. शेतकऱ्यांना दिवसा सोलरची लाईट द्यायची सरकारची योजना चालू आहे ती मला याच कारणासाठी फार मोलाची वाटते, एक तर तेवढी वीज साठवायची गरजच संपते, आणि दुसरं म्हणजे रात्री पाणी धरायला गेलेला माणूस बिबट्याच्या भीतीशिवाय घरी झोपतो. आमच्या तालुक्यात हे किती मोठं आहे ते इथे राहिल्याशिवाय कळणार नाही.

मार्क द्यायचे तर बॅटरीला ५ पैकी साडेचार, इन्व्हर्टरला साडेतीन कारण तो स्वतःच फार खातो, बसवणाऱ्याच्या सर्व्हिसला दीड.

परवा शेजारच्या वाडीतले दूध संकलनवाले दादा बघायला आले होते. त्यांना दुधाचा कूलर बॅटरीवर चालवायचा होता, संध्याकाळचं दूध येतं नेमकी तेव्हाच लाईट जाते म्हणून. कूलरच्या कॉम्प्रेसरवर लिहिलेला आकडा बघितला, आमची बॅटरी दोन-अडीच तासांत संपवली असती त्याने. मी त्यांना म्हटलं, दादा, तुम्ही वीज साठवू नका, गारवा साठवा. दुपारी सोलरवर बर्फ करून ठेवणाऱ्या टाकीचे कूलर मिळतात, संध्याकाळी त्या बर्फाच्या पाण्यावर दूध गार होतं, कॉम्प्रेसर लागत नाही, फक्त छोटा पंप. बॅटरी घ्या ती काटा, फॅट मशीन आणि कॉम्प्युटरपुरती, एक डबा पुष्कळ होईल. ते सोमवारी संगमनेरला कोटेशन आणायला जाणार आहेत, मी माझी रीडिंगची वही त्यांच्याकडे दिलीय आणि सांगितलंय की आधी महिनाभर लिहा, मगच पैसे द्या.